बिल्ल्यावरचं पहिलं अक्षर

अनिरुद्धरावांच्या पोटात दुखायला लागलं की ते आधी पेपरला नावं ठेवत. त्या सकाळीही त्यांनी तेच केलं. "कसली ही छपाई! शाई हाताला लागते," म्हणत त्यांनी पेपर ओट्यावर आपटला आणि कॉफीचा पितळी डबरा-पेला उचलला. शाईचा काही दोष नव्हता. पहिल्या पानावर भरद्वाजचा फोटो होता, एवढंच.

भरद्वाज म्हणजे त्यांचा सख्खा मामेभाऊ, दोन वर्षांनी धाकटा. बारावीला फिजिक्समध्ये दोनदा नापास झालेला. तिसऱ्या खेपेला अनिरुद्धरावांनीच त्याला समोर बसवून, कान पिळून पास केला होता. त्यांच्या बाबांनी दोघांना बाळबोध लिपी शिकवायला घेतली, तेव्हा अनिरुद्धराव गिरवत बसले आणि हा गडी मागच्या दारानं पसार होऊन वेण्णार नदीच्या पाण्यात डुंबत राहिला. परिणाम काय, तर तंजावूरच्या राजवाड्यामागच्या त्यांच्या गल्लीत मराठी बोलणारी बावीस घरं, पण देवनागरी घडाघडा वाचणारा माणूस एकच उरला. कुणाला जुनी पत्रिका वाचून हवी असो की देवघरातल्या पोथीतला शब्द अडो, लोक अनिरुद्धरावांच्या ओट्यावर यायचे. भरद्वाज तर मराठीतला साधा निरोपसुद्धा तमिळ अक्षरांत पाठवी.

आणि आता पेपर म्हणत होता, 'अंतराळाच्या वाटेवर तंजावूरचा माणूस'. वाटेवर म्हणे!

खरं सांगायचं तर त्या माणसानं केलं होतं मोठंच. बारावीनंतर तो आखातात गेला आणि तेवीस वर्षं समुद्राच्या तळाशी पाणबुड्याचं काम करत राहिला. परत आल्यावर वल्लमच्या रस्त्याला, लाल मातीच्या माळावर त्यानं खड्डा खणायला घेतला. लोकांना वाटलं, विहीर खणतोय. खड्डा रुंद होत गेला तसं लोक म्हणाले, मासे पाळणार असेल. तेरा मीटर खोल टाकी बांधून झाली, तिच्यात निळं पाणी भरलं गेलं, आणि एक दिवस दोन परदेशी माणसं अंगावर पांढरे जाडजूड सूट चढवून त्या पाण्यात तरंगत स्क्रू पिळायला शिकू लागली. अंतराळात वजन नसताना हातानं काम कसं करायचं, त्याचा तो सराव होता. वल्लमची माणसं सायकली टेकवून कुंपणातून बघत उभी राहायची.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा कंपनीत माणसं मोजून पाच. मग सूट दुरुस्त करायचा विभाग आला, मग सूट शिवायचा. डॉक्टर आले, वर खायचे पदार्थ वाळवून पाकिटात भरणाऱ्या बायका आल्या, परतीला समुद्रात उतरलेल्या माणसांना बाहेर काढणाऱ्यांची तुकडी आली. चेन्नईला कचेरी झाली, परदेशात दोन झाल्या. आता चारशेच्यावर माणसं पगार घेत होती. वर नेणारं रॉकेट परक्यांचंच. पण माणसाला वर जाण्याजोगं करायचं आणि खाली आला की पुन्हा पायांवर उभं करायचं, हे सगळं काम या कंपनीचं. रॉकेटवाले आपणहून तिच्या दारात यायला लागले होते.

कंपनीचं नाव भरारी. आणि इथंच अनिरुद्धरावांचं खरं दुखणं होतं. ते नाव त्यांचं होतं.

याच ओट्यावर बसून ते कॉलेजचे पेपर तपासत असताना भरद्वाजनं विचारलं होतं, "अण्णा, आपल्या भाषेतलं एक नाव द्या की. वर जाण्याचं." अनिरुद्धरावांनी मानही वर न करता म्हटलं होतं, "भरारी ठेव." पठ्ठ्यानं ठेवलं. त्यानंतर नऊ वर्षांत किती मुलाखती झाल्या त्याच्या! टीव्हीवर बाईनं विचारलं, हे सुंदर नाव कसं सुचलं? तर हा गालातल्या गालात हसून म्हणतो काय, "घरातून आलं." घरातून! जसं काही दूधवाल्यानं दारात ठेवलं होतं. अनिरुद्धरावांनी त्या दिवशी रात्रीचं जेवण सोडलं आणि बायकोला सांगितलं की अपचन झालंय.

राजमबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, नवऱ्याची सगळी अपचनं पाठ होती. "अहो, तुमचाच भाऊ ना तो," त्या म्हणायच्या. "त्याचं चांगलं झालं तर तुमचं काय गेलं?"

"माझं काय जातंय? एकतीस वर्षं मी कॉलेजात भारहीनता शिकवली. फळ्यावर. खडूनं. तो टाकीत बुडवून शिकवतो म्हणून तो मोठा. जाऊ दे."

जाऊ दे म्हणायचे, पण जाऊ द्यायचे नाहीत. भरद्वाजनं एखादी लांबलचक गाडी घेतली असती, बोटांत अंगठ्या घातल्या असत्या, तर मोकळेपणी जळता तरी आलं असतं. तेही सुख नाही. हा आपला अजून जुन्या मोपेडवरून यायचा, चप्पल बाहेर काढायचा, आणि थेट स्वयंपाकघरात शिरून राजमबाईंना विचारायचा, "वहिनी, अडै आहे का?" डाळींचा तो जाड डोसा त्याला लहानपणापासून लागायचा.

पेपर आपटल्याच्या तिसऱ्या दिवशी तो असाच आला.

"अण्णा, आहांत का?"

"नसून जातो कुठं? मी काय अंतराळात फिरतो?"

भरद्वाज हसला. त्याला टोमणे कळत नसत की कळून तो सोडून देत असे, हे अनिरुद्धरावांना पन्नास वर्षांत उमगलं नव्हतं. तो शेजारी टेकला आणि पिशवीतून एक कागद काढला. यावेळी चार प्रवासी जाणार होते. त्यांचं शिक्षण, सूट, खाणं, डॉक्टर, परतीची तुकडी, सगळं भरारीचं. आतापर्यंत सूटवर रॉकेटवाल्यांचं नाव असायचं. पहिल्यांदाच छातीवर भरारीचा बिल्ला लागणार होता. "आणि तो आपल्या बाळबोधीत, अण्णा. इंग्रजीत नको म्हटलं मी. आप्पांना किती बरं वाटलं असतं!"

आप्पा म्हणजे अनिरुद्धरावांचे बाबा. ज्यांच्या शिकवणीला यानं एक दिवस धड हजेरी लावली नाही, तेच.

"चेन्नईच्या भरतकामवाल्यांनी नमुना पाठवलाय. मला तर ही सगळी अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसतात. तुम्ही एकदा बघा. खाली 'तपासलं, बरोबर' म्हणून सही करा, म्हणजे शिवायला देतो."

अनिरुद्धरावांनी चष्मा लावला. खरं तर त्यांना जरा बरंच वाटलं होतं. चारशे माणसं असलेल्या कंपनीला शेवटी यायचं होतं ते त्यांच्याच ओट्यावर. त्यांचं भाऊबंदांत जे काही वजन होतं ते एवढंच होतं, की अक्षर कळायला अनिरुद्धच लागतो. पण कागद डोळ्यांसमोर धरता धरता भरद्वाज सहज बोलून गेला, "आमच्या शिकवणीच्या पुस्तकात भारहीनतेवर एक धडा घातलाय. बंगळूरच्या एका प्रोफेसरांनी लिहिला. तुम्हांलाच विचारणार होतो, पण कंपनीतली पोरं म्हणाली, कॉलेजचं शिकवणं वेगळं पडतं."

झालं. कानशिलं तापली त्यांची. एकतीस वर्षं! आणि हे बोलतोय कोण, तर ज्याला प्रवेग आणि वेग यांतला फरक कळायला तीन वर्षं लागली तो.

त्याच तापल्या डोळ्यांनी त्यांनी नमुना वाचला. निळ्या गोलात सोनेरी धाग्यानं लिहिलं होतं: फरारी.

त्यांनी पुन्हा वाचलं. फरारीच. कसं झालं असेल ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. भरद्वाजनं नेहमीसारखं नाव तमिळ अक्षरांत लिहून पाठवलं असणार. तमिळमध्ये प, फ, ब, भ या चौघा भावांत मिळून एकच अक्षर. चेन्नईच्या भरतकामवाल्यानं ते देवनागरीत उलटं फिरवताना त्यातला भलताच भाऊ उचलला. आता चार प्रवासी छातीवर 'फरारी' लावून अख्ख्या जगासमोर उभे राहणार होते. पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पळालेल्या माणसाला म्हणतात तो शब्द!

त्यांना हसू फुटणार होतं. ते त्यांनी मिशीखाली दाबलं. बाळबोधीच्या तासाला पळून जाणाऱ्याला शोभतं की हे नाव, त्यांच्या मनात आलं.

"बरोबर आहे?" भरद्वाजनं विचारलं.

"बरोबर आहे," अनिरुद्धराव म्हणाले, आणि वळणदार बाळबोध अक्षरांत त्यांनी सही ठोकली.

भरद्वाजनं कागदाची जपून घडी केली, दोन अडै खाल्ले आणि मोपेडला किक मारून गेला.

पहिले दोन दिवस काय मजेत गेले म्हणून सांगू! अनिरुद्धराव वाटेल तेव्हा स्वतःशी हसायचे. पुण्या-मुंबईचे मराठी लोक टीव्हीसमोर पोट धरून लोळतायत, असं त्यांना दिसायचं. विचारलं कुणी, हे नाव कसं सुचलं, की सांग म्हणावं आता, घरातून आलं! त्यांनी राजमबाईंकडे दोनदा कॉफी मागितली आणि चक्क "छान झालीय" म्हटलं. राजमबाई चरकल्या.

तिसऱ्या दिवशी तोंडाची चव गेली. भरद्वाजनं कागदाची घडी कशी केली होती, ते त्यांना आठवत राहिलं. साधा कागद तो, पण त्यानं तो खिशात न ठेवता पिशवीत, पुस्तकाच्या मध्ये सपाट ठेवला होता. अण्णांची सही होती ना त्यावर. अनिरुद्धरावांना स्वतःचाच राग आला, मग भरद्वाजचा आला, मग बंगळूरच्या त्या न पाहिलेल्या प्रोफेसरचा आला. पण राग कुठंच टिकेना.

त्यांनी फोन लावला. सूट विभागाची मुख्य वाणी हिनं उचलला. "सर टाकीत आहेत हो. चार तास तरी वर येणार नाहीत. काही निरोप?"

सांगायचं काय? नजरचूक झाली म्हणावं, तर ज्या एका गोष्टीसाठी चार माणसं त्यांना विचारतात तीच त्यांना येत नाही असं ठरणार. आणि खरं सांगावं, तर मग काय ठरणार? छे!

"निरोप काही नाही. सहज केला होता," ते म्हणाले.

नंतर आठ दिवसांनी पुन्हा केला. तेव्हा भरद्वाज चेन्नईला होता. वाणी आनंदानं म्हणाली, "बिल्ले शिवून झाले सर, फार सुरेख दिसतायत." अनिरुद्धराव तमिळमध्ये "सरी, सरी", बरं बरं, एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. आणखी दोन दिवसांनी निमंत्रण आलं. सूटचं अनावरण रविवारी सकाळी दहाला, वल्लमच्या आवारात. टीव्हीवर थेट दाखवणार. दुपारच्या विमानानं सूट परदेशी जाणार.

"मी येत नाही. डोकं दुखतंय," अनिरुद्धराव म्हणाले.

"अहो, काल अपचन, आज डोकं. उठा, रेशीमकाठाची वेष्टी नेसायला काढून ठेवलीय," राजमबाई म्हणाल्या, आणि ते उठले.

आवारात हीऽ माणसं! अर्धं तंजावूर लोटलं होतं. गल्लीतली बावीसच्या बावीस घरं पुढच्या रांगांत बसली होती. मंचावर चार सूट उभे केले होते, पांढऱ्या कापडानं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले. समोर तीन कॅमेरे. वाणी धावतपळत आली आणि दोघांना पहिल्या रांगेत मधोमध बसवून गेली. अजून वेळ आहे, अनिरुद्धरावांना वाटत होतं. आत्ता उठावं, त्याला बाजूला घ्यावं. पण भरद्वाज माईकपाशी जाऊन उभाही राहिला होता.

तो तमिळमध्ये बोलला. टाकीचं बोलला, पहिल्या पाच माणसांची नावं घेतली, लोक हसले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो पहिल्या रांगेकडे वळला.

"लोक मला विचारतात, भरारी हे नाव कुणी दिलं? मी आजवर सांगितलं नाही. घरातून आलं, एवढंच म्हणत आलो. कारण ठरवलं होतं, हे नाव ज्या दिवशी माणसाच्या छातीवर चढून वर जाईल, त्या दिवशीच देणाऱ्याचं नाव घ्यायचं. अर्धवट काम झालेलं असताना अण्णांचं नाव घ्यायची मला भीती वाटायची. ते पेपर तपासणारे आहेत. अर्धे मार्क देतात."

हशा पिकला. राजमबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. बाईंचे डोळे भरून आले होते. नऊ वर्षं अनिरुद्धराव ज्यासाठी आतल्या आत धुमसले, ते हेच होतं. हा ते आज ताटात वाढून समोर ठेवत होता.

"नाव अण्णांचं, आणि बिल्ल्यावरची अक्षरंही अण्णांनीच तपासलेली," भरद्वाज पुढं म्हणाला. "आमच्या सूट विभागात भोपाळचा एक इंजिनियर आहे. त्याला हिंदी येतं. तो चार दिवस माझ्या मागं लागला होता, की सर, पहिलं अक्षर चुकलंय. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तुझं हिंदी तुझ्यापाशी. आमचं तंजावूरचं मराठी तीनशे वर्षांचं जुनं. त्यात असंच लिहीत असतील. अण्णांची सही आहे, म्हणजे बरोबरच आहे!"

टाळ्या. अनिरुद्धरावांनी डोळे मिटून घेतले.

"आता बिल्ला वाचायचा मान त्यांचाच. आमच्यापैकी दुसऱ्या कुणाला वाचताच येत नाही. अण्णा, या."

ते कसे उठले, पायऱ्या कशा चढले, त्यांना कळलं नाही. वाणीनं पहिल्या सूटवरचं कापड ओढलं. निळा गोल, सोनेरी अक्षरं. फार सुरेख शिवलं होतं. भरद्वाजनं माईक त्यांच्या हातात दिला. तीन कॅमेरे त्यांच्याकडे वळले.

'भरारी' म्हटलं असतं तर त्या भोपाळवाल्याखेरीज समोरच्या शेकडो माणसांपैकी एकालाही काही कळलं नसतं. ते कसाबसा एक श्वास घेईपर्यंत तोच विचार त्यांच्या मनात होता. पण नजर अक्षरावर होती, आणि लिहिलंय ते वाचायचं, लिहिलंय तेच वाचायचं, हे बाबांनी वेताच्या छडीनं शिकवलेलं. तोंडातून दुसरं काही निघेनाच.

"फरारी," ते म्हणाले.

आणि सगळं आवार टाळ्यांनी दणाणून गेलं. तमिळवर पोसलेल्या त्या कानांना भ काय आणि फ काय, एकच. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या ताराबाई, ज्यांना चारचौघांइतकंच मराठी बोलता येई आणि एक अक्षर वाचता येत नसे, त्यांनी तर दोन्ही हात वर केले. भरद्वाजही टाळ्या वाजवत होता. लहानपणी पोहून आल्यावर हसायचा तसा तोंडभर हसत होता.

अनिरुद्धरावांनी माईकवर तळवा दाबला. "चुकलंय," ते मराठीत पुटपुटले. "भरद्वाज, ते चुकलंय. भोपाळवाला बरोबर आहे. फरारी म्हणजे पळपुटा."

भरद्वाजचं हसू तसंच राहिलं, फक्त हात थांबले. तो बिल्ल्याकडे वळला आणि जवळ वाकून पाहू लागला. "यातलं कुठलं अक्षर, अण्णा?"

"पहिलं. हे." त्यांनी अक्षरावर बोट ठेवलं. "याच्या जागी भ हवा."

"सही करताना दिसलं नाही तुम्हांला?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला, काहीही चाललं असतं. त्यानं विश्वास ठेवला असता, तो ठेवतच होता, त्याच्या डोळ्यांत ती विनवणीच होती.

"दिसलं होतं," अनिरुद्धराव म्हणाले.

भरद्वाजनं त्यांच्या हातातला माईक हलकेच काढून घेतला आणि तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं, खणखणीत बोलला, "मंडळी, मोठं संकट टळलं. बिल्ल्यावर एक अक्षर चुकीचं शिवलं गेलंय. आत्ता अण्णांनी पकडलं. आज ते इथं नसते तर चुकीचं नाव घेऊन आपण वर गेलो असतो. दुपारच्या विमानाआधी बिल्ले बदलू. अण्णांसाठी एकदा जोरात टाळ्या!"

सगळं आवार उठून उभं राहिलं. राजमबाई पदरानं डोळे पुसत होत्या. त्या बावीस घरांनी अनिरुद्धरावांना एवढ्या कौतुकानं कधीच पाहिलं नव्हतं. कॅमेरे त्यांच्या तोंडाजवळ आले. त्यांनी हात जोडले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

टाळ्या चालू असतानाच भरद्वाजनं वाणीला जवळ बोलावलं. अनिरुद्धराव हातभर अंतरावर उभे होते, पण त्यांच्याकडे त्यानं पाहिलं नाही.

"चारही बिल्ले उसवा आणि नवे शिवायला घ्या," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि शिवून झाले की भोपाळच्या त्या पोराला दाखवा. तो बरोबर म्हणाला, तरच लावा."